छोट्या शहराच्या वाहतूक शाखेसाठी यंत्रं: निधी कुठून आणायचा, निवड कशी करायची

वाहतूक शाखेचा चार्ज घेतल्यावर पहिल्या पंधरवड्यातच एखादा विक्रेता माहितीपत्रक घेऊन केबिनमध्ये येतो. त्याच सुमारास वरून फोनही येतो: "निधी शिल्लक आहे, आठ दिवसांत प्रस्ताव द्या." या दोन घाईंच्या मध्ये जी खरेदी होते ती पुढच्या वर्षी कपाटात धूळ खाताना दिसते. मी स्वतः अशी एक स्पीडगन पाहिली आहे. मार्चअखेरीला आली, पेटीतून दोनदा बाहेर निघाली, आणि चार्जर बिघडल्यावर तो बाजारात मिळेना म्हणून कायमची पेटीत गेली. त्याच रस्त्यावर त्या वर्षीही माणसं मेली. म्हणून हा लेख लिहितो आहे: दोन-चार लाख वस्तीच्या, जिल्ह्याच्या ठिकाणच्या वाहतूक शाखेत नव्याने आलेल्या प्रभारी अधिकाऱ्यासाठी, तिथल्या लिपिकासाठी, आणि रस्ता सुरक्षेच्या बैठकांना पहिल्यांदाच बसणाऱ्या नगरपालिकेच्या अभियंत्यासाठी.

पायरी १: आधी अपघातांची नोंदवही वाचा

कुठलंही माहितीपत्रक उघडण्याआधी मागच्या तीन वर्षांचे प्राणांतिक आणि गंभीर दुखापतीचे गुन्हे काढा. ई-डार या अपघातांच्या ऑनलाइन नोंदप्रणालीत नोंदी असतातच, पण मूळ फिर्याद आणि घटनास्थळाचा पंचनामा वाचल्याशिवाय काम होत नाही. एका मोठ्या कागदावर पाच रकाने पाडा: जागा, वेळ, मेलेला कोण (पायी, दुचाकीवर, मागे बसलेला), धडक कशाची, आणि कारण. जागा लिहिताना "बायपासवर" असं लिहू नका. पुलाच्या अलीकडे की पलीकडे, हे लिहा.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाची ब्लॅकस्पॉटची व्याख्या अशी आहे: सुमारे ५०० मीटरचा पट्टा, त्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, किंवा एकूण १० मृत्यू. ही व्याख्या राष्ट्रीय महामार्गांसाठी केलेली आहे. शहरातल्या रस्त्यावर एवढ्या संख्येची वाट पाहू नका. एकाच चौकात दोन मृत्यू झाले असतील तरी तो चौक यादीत घ्या.

देशाचे आकडे दिशा दाखवतात. २०२२ साली भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यांतली १५,२२४ महाराष्ट्रात. त्या वर्षीच्या केंद्रीय अहवालात सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या नावावर आहेत, आणि हेल्मेट नसलेले ५०,०२९ जण मेलेले आहेत. म्हणून वेग, हेल्मेट आणि दारू या तीन गोष्टींपासून सुरुवात करणं बहुतेक ठिकाणी बरोबर ठरतं.

पण तुमचं शहर वेगळं असू शकतं. सांगली, कोल्हापूर, अहिल्यानगरच्या ऊसपट्ट्यात नोंदवही नीट वाचली तर एक ठसा दिसतो: गळीत हंगामाचे महिने, दिवेलागणीनंतरची वेळ, रस्त्याच्या कडेला उभी दोन ट्रॉल्यांची गाडी, मागे दिवा नाही, आणि मागून येऊन धडकलेला दुचाकीस्वार. तिथे स्पीडगन काय करणार? तिथे रिफ्लेक्टिव्ह पट्ट्यांचे रोल हवेत, साखर कारखान्याच्या गेटवर शेतकी अधिकाऱ्याला सोबत घेऊन पट्टी लावल्याशिवाय ट्रॉली आत न सोडण्याची व्यवस्था हवी, आणि रात्री गस्तीवर एक गाडी हवी. हा खर्च एका स्पीडगनच्या तुलनेत किरकोळ आहे. माझं मत स्पष्ट आहे: ज्या वस्तूने तुमच्या कागदावरचा एखादा रकाना कमी होणार नाही, ती वस्तू या वर्षीच्या यादीत घेऊ नका.

पायरी २: घरात काय आहे ते पाहा

जडसंग्रह नोंदवही (शाखेतल्या टिकाऊ वस्तूंची) घ्या आणि एकेक वस्तू समोर मांडून चालवून बघा. चालू, दुरुस्तीला, निर्लेखनाला (म्हणजे नोंदीतून काढून टाकायला), असे तीन ढीग करा. निम्म्या वेळा असं निघतं की नवं यंत्र नको, जुन्याची बॅटरी आणि कॅलिब्रेशन, म्हणजे मापाची जुळणी, हवं.

मग कुठली गोष्ट कोणाची, हे ठरवा. सिग्नल आणि शहरातले पट्टे नगरपालिकेचे किंवा महापालिकेचे. राज्यमार्गावरच्या पाट्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या, राष्ट्रीय महामार्गावरच्या त्या महामार्गाच्या यंत्रणेच्या. वायरलेस सेट बिनतारी संदेश विभागाच्या मान्यतेशिवाय घेता येत नाहीत. ई-चलानची व्यवस्था राज्यभर एकच आहे आणि तिची यंत्रं अपर पोलीस महासंचालक (वाहतूक) यांच्या कार्यालयामार्फत येतात. ती हवी असतील तर मागणीपत्र पाठवा. स्थानिक पैशातून वेगळं अ‍ॅप किंवा वेगळी मशिनं घेण्याच्या फंदात पडू नका. त्यातून निघालेली चलनं राज्याच्या प्रणालीत बसणार नाहीत.

पायरी ३: कोर्टात टिकेल का?

नवे अधिकारी सर्वांत जास्त इथेच फसतात. यंत्र उत्तम, फोटो स्वच्छ, आणि तरी खटला पडतो.

मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३६अ आलं आणि त्याखाली केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७अ हा नियम ऑगस्ट २०२१ मध्ये आला. स्पीड कॅमेरा, सीसीटीव्ही, स्पीडगन, अंगावरचा कॅमेरा, गाडीच्या डॅशबोर्डवरचा कॅमेरा, नंबरप्लेट वाचणारी यंत्रणा, चालत्या वाहनाचं वजन करणारं यंत्र, हे सगळं त्यात येतं. लक्षात ठेवायच्या गोष्टी अशा: यंत्राला राज्य शासनाने नेमलेल्या प्राधिकरणाचं मान्यता प्रमाणपत्र लागतं आणि ते दरवर्षी नवं करावं लागतं, निगराणीच्या पट्ट्याआधी इशाऱ्याची पाटी लागते, गुन्ह्याची नोटीस १५ दिवसांच्या आत जायला हवी, आणि चलन निकाली निघेपर्यंत मूळ नोंद जपून ठेवावी लागते. या नियमाने दहा लाखांवरच्या शहरांसोबत देशातली १३२ शहरंही अशी यंत्रं बसवण्यासाठी नेमून दिली, त्यांत महाराष्ट्राची १९ आहेत: लातूर, जालना, चंद्रपूर, सांगली, अकोला ही त्यांतली काही. तुमचं शहर त्या यादीत असेल तर प्रस्तावाच्या पहिल्याच परिच्छेदात तसं लिहा. मागणीला कायद्याचं बळ मिळतं.

वेगमर्यादेचं वेगळं बघा. ६ एप्रिल २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार पालिका हद्दीतल्या रस्त्यावर कारला ७० आणि मोटारसायकलला ६० ही कमाल मर्यादा आहे. तुम्हाला शाळेसमोर ३० हवी असेल तर त्याची स्वतंत्र अधिसूचना आणि रस्त्यावर पाटी, दोन्ही लागतील. पाटी झाडाच्या फांदीआड गेलेली असेल तर आधी फांदी तोडून घ्या, मग गन बाहेर काढा.

रडारवर चालणाऱ्या वेगमापक यंत्रांसाठी वैधमापनशास्त्राचे नियमही आता लागू झाले आहेत, १ जुलै २०२५ पासून. म्हणजे पडताळणी आणि शिक्का याशिवाय रडार गन वापरू नये. तराजूवर शिक्का नसेल तर आपण भाजीवाल्याला विचारतो. आपल्या हातातल्या यंत्रालाही तोच न्याय.

डिजिटल पुराव्यासाठी पूर्वी भारतीय पुरावा कायद्याच्या ६५ब चं प्रमाणपत्र लागायचं. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आहे. त्याच्या नमुन्यात हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा सांकेतिक ठसा, लिहावी लागते. यंत्राचं सॉफ्टवेअर ती आपोआप काढून देतं का, हे विक्रेत्याला पहिल्याच भेटीत विचारा.

पायरी ४: यंत्र निवडताना

स्पीडगनपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात मोठा पैसा आणि सगळ्यात मोठा गोंधळ तिथे आहे. दोन जाती: रडार आणि लेझर. रडारचा झोत पसरट असतो. साधारण १२ अंशांचा झोत ३०० मीटरवर ६० मीटरहून रुंद होतो, म्हणजे अख्खा रस्ता आणि दोन्ही बाजूंची दुकानं त्यात आली. समोर एकच गाडी असेल तर ठीक. रिक्षा, टेम्पो, दुचाकी एकत्र असतील तर आकडा कोणाचा, हे सांगणं अवघड. लेझरचा झोत तेवढ्याच अंतरावर जेमतेम मीटरभर असतो, म्हणून एकच वाहन नेमकं धरता येतं. शहराच्या रस्त्यासाठी मी लेझर घेईन, सोबत कॅमेरा आणि तिपाई. हातात धरून नेम हलतो. धुक्यात आणि जोराच्या पावसात लेझरचा पल्ला कमी होतो, एवढं ध्यानात ठेवून त्या दिवशी काम थांबवायचं.

दोन्हीत एक गोष्ट समान आहे: कोन. यंत्र रस्त्याच्या जितकं बाजूला उभं कराल तितका वेग कमी दिसतो. १० अंशांवर फरक दीड टक्क्याचा, पण २० अंशांवर सहा टक्के. ८० ने जाणारी गाडी ७५ दाखवेल. चूक वाहनचालकाच्या बाजूने होते म्हणून कुणी तक्रार करत नाही, पण तुमची मोजणी बिघडते. हवालदारांना हे खडूने रस्त्यावर रेघ ओढून दाखवा. तोंडी सांगून पटत नाही.

ब्रेथ अ‍ॅनालायझरमध्ये स्वस्त यंत्रं सेमीकंडक्टर सेन्सरची असतात. ती दारूखेरीज इतर वाफांनाही दाद देतात आणि त्यांचा आकडा लवकर सरकतो. विनिर्देशात (यंत्र कसं हवं ते सांगणाऱ्या कागदात) "फ्युएल सेल सेन्सर" असं स्पष्ट लिहा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. श्वासात मोजलं तर ती लिटरमागे साधारण ०.१४ मिलिग्रॅम येते. यंत्राच्या पावतीवर कुठलं एकक छापलं जातं ते पाहा. कायद्यातलं एकक छापणारंच घ्या, म्हणजे न्यायालयात गुणाकार समजावत बसावं लागणार नाही. पावतीवर तारीख, वेळ, जागा, यंत्राचा क्रमांक आणि चाचणीआधीचं शून्य रीडिंग हवं. समोरच्याने नुकताच घोट घेतला असेल किंवा माउथवॉशने गुळणी केली असेल तर तोंडातल्या अल्कोहोलने आकडा फुगतो; १५ मिनिटं थांबवून पुन्हा फुंकायला लावायचं. आणि नळ्या! दर माणसाला नवी नळी. शनिवारच्या एका नाकाबंदीत ६० जण तपासले तर ६० नळ्या गेल्या. वर्षाचा हिशोब आधी करा आणि नळ्या यंत्रासोबतच मागवा. नळ्या संपल्या की एकच नळी पुसून वापरण्याचा मोह होतो, आणि ते माणसाच्या आरोग्याशी खेळणं आहे.

अंगावरचे कॅमेरे घेताना कॅमेऱ्याच्या किमतीपेक्षा साठवणुकीची जागा मोजा. फुल एचडी चित्रण तासाला सुमारे २ जीबी खातं. १५ कॅमेरे, रोज ६ तास, म्हणजे दिवसाला १८० जीबी आणि महिन्याला साडेपाच टीबीच्या आसपास. एवढी डिस्क, रात्री सगळे कॅमेरे लावायला डॉकिंग, आणि चित्रण उतरवून घेणारा एक माणूस नसेल तर पंधरा नव्हे, चारच कॅमेरे घ्या.

नंबरप्लेट वाचणाऱ्या कॅमेऱ्यांबद्दल विक्रेते जो अचूकतेचा आकडा सांगतात तो नीट प्लेटांवरचा असतो. आपल्याकडे ४१४१ चं "दादा" होतं, २१४ चं "राम" होतं, अर्धी प्लेट चिखलाने भरलेली असते. कॅमेऱ्याला यातलं काही वाचता येत नाही. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या वाहनांना उच्च सुरक्षा प्लेट सक्तीची आहे. आधी महिनाभर फॅन्सी प्लेटांविरुद्ध मोहीम घ्या, मग कॅमेऱ्याचा विचार करा. सीसीटीव्ही घेत असाल तर २०२५ पासून लागू झालेली सुरक्षा चाचणीची अट पूर्ण करणारंच मॉडेल मागा.

उरलेलं थोडक्यात. रिफ्लेक्टिव्ह जॅकेट, चमकणारे बॅटन, कोन, बॅरिकेड, चौकात सावली देणारी छत्री: हे सगळ्यात आधी. रात्री रस्त्यावर उभा असलेला आपलाच शिपाई गाडीखाली येऊ नये, याहून मोठी गरज नाही. चाकाला लावायचे जॅमर दहा-वीस पुरेत. क्रेन स्वतःची घेऊ नका. चालक, डिझेल, दुरुस्ती झेपत नाही. कर्कश सायलेन्सरसाठी डेसिबल मीटर लागला तर परिवहन कार्यालयासोबत संयुक्त मोहीम काढून त्यांचाच वापरता येईल का, ते विचारा.

पायरी ५: पैसा

अनेकांचा समज असतो की दंड आपण गोळा करतो, तर त्यातून यंत्रं येतील. तसं होत नाही. दंडाची रक्कम राज्याच्या तिजोरीत जाते. रस्ता सुरक्षेसंबंधीच्या एस. राजसीकरन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ३० नोव्हेंबर २०१७ रोजी राज्यांना रस्ता सुरक्षा निधी आणि जिल्हा रस्ता सुरक्षा समित्या उभारायला सांगितलं. म्हणून निधीचं दार या समितीतून उघडतं. अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. तुमचा पाच रकान्यांचा कागद पहिल्यांदा तिथे ठेवा आणि इतिवृत्तात ठराव येईल असं बघा. पुढच्या प्रत्येक प्रस्तावाला हे इतिवृत्त जोडायचं.

छोट्या शहरासाठी सगळ्यात जवळचा स्रोत जिल्हा वार्षिक योजना. जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष पालकमंत्री, सदस्य सचिव जिल्हाधिकारी. पुढच्या वर्षाचा आराखडा आदल्या हिवाळ्यात तयार होतो, त्यामुळे तुमची मागणी दिवाळीच्या आधी पोलीस अधीक्षकांच्या सहीने नियोजन कार्यालयात पोचलेली हवी. फेब्रुवारीत धावत गेलात तर उरलंसुरलं मिळतं, आणि तेही ३१ मार्चच्या आत खर्च करायचं असतं. सुरुवातीला सांगितलेली ती स्पीडगन अशीच आली होती.

दुसरा मार्ग पोलीस दलांच्या आधुनिकीकरणाची केंद्रीय योजना. त्यात केंद्र आणि आपलं राज्य यांचा वाटा ६० आणि ४० असा आहे. मागणी महासंचालक कार्यालयातून जाते, वेळ लागतो, पण मोठ्या वस्तूंना हाच मार्ग. तिसरा, पालिकेचं अंदाजपत्रक: सिग्नल, पट्टे, पाट्या त्यांच्याच खात्यावर टाका, आपला निधी त्यात घालू नका.

कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी मिळू शकतो. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ खाली ठरावीक आकारावरच्या कंपन्यांना नफ्याच्या २ टक्के खर्च करावा लागतो, आणि केंद्राने जून २०१४ मध्येच रस्ता सुरक्षेची जनजागृती, चालकांचं आणि अंमलबजावणी करणाऱ्या कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण, सुरक्षित रस्तेरचना हे त्यात बसतं असं स्पष्ट केलं आहे. म्हणून कंपनीकडे प्रशिक्षण, पाट्या, शाळेसमोरचे गतिरोधक मागा. दंड करणारी यंत्रं सरकारी पैशातूनच यावीत असं मला वाटतं. ज्याच्या ट्रकना उद्या चलन करायचं आहे त्याच्याकडून आज काहीही घेऊ नका. प्रायोजकाचे बॅरिकेड घेतलेत तर जाहिरात एका कोपऱ्यात आणि रिफ्लेक्टिव्ह पट्टी पूर्ण रुंदीला, ही अट लेखी ठेवा. मी असे बॅरिकेड पाहिले आहेत ज्यांवर दुकानाचं नाव ठळक आणि रात्री अख्खा बॅरिकेड काळोखात.

आणखी एक प्रस्ताव तुमच्याकडे येईल: "यंत्रं आम्ही फुकट लावतो, दर चलनामागे आमचा हिस्सा." नम्रपणे नाही म्हणा. हिस्सा चलनावर असला की कॅमेरा जिथे चलनं जास्त निघतात तिथे सरकतो, जिथे माणसं मरतात तिथे राहत नाही.

पायरी ६: विनिर्देश, डेमो, खरेदी

राज्यात खरेदीसाठी उद्योग विभागाची १ डिसेंबर २०१६ ची नियमपुस्तिका आणि सरकारी खरेदीचं जेम पोर्टल हे दोन आधार आहेत. लेखाशाखेतल्या माणसाला पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. विनिर्देश विक्रेत्याकडून लिहून घेऊ नका. त्याने दिलेला कागद एकाच कंपनीच्या मापाचा शिवलेला असतो आणि पुढे लेखापरीक्षणात तोच मुद्दा निघतो. तीन-चार उत्पादकांची माहितीपत्रकं शेजारी ठेवून गरजेपुरतं सामाईक तेवढं लिहा.

डेमो आपल्याच रस्त्यावर, संध्याकाळी सहानंतर घ्या. स्पीडगनसाठी खात्याची जीप जीपीएस लावून ठरलेल्या वेगाने वीस वेळा न्या आणि दोन्ही आकडे लिहा. नंबरप्लेटच्या कॅमेऱ्यासाठी दोन शिपाई बसवून २०० गाड्यांचे नंबर हाताने लिहून घ्या, मग कॅमेऱ्याशी ताडून पाहा. यंत्र हाताळणारा शिपाई डेमोत हवाच. त्याला बटण सापडलं नाही, तर ते यंत्र रस्त्यावर वापरलं जाणार नाही.

निविदेत फक्त यंत्राची किंमत मागू नका. पाच वर्षांचा एकत्रित दर मागा: वॉरंटी, त्यानंतरची वार्षिक देखभाल, कॅलिब्रेशन, बॅटऱ्या, पावतीचे रोल, नळ्या, सॉफ्टवेअरचं शुल्क. दुरुस्तीला नेल्यास बदली यंत्र किती दिवसांत, आणि उशीर झाला तर दंड किती, हे करारात येऊ द्या. देखभालीचा पैसा भांडवली खर्चात नंतर बसवता येत नाही, म्हणून प्रशासकीय मान्यतेच्या प्रस्तावातच तो घाला.

पायरी ७: यंत्र आल्यावर

पहिल्या आठवड्यात नोंदवहीत नोंद, प्रत्येक यंत्राला क्रमांक, आणि एक जबाबदार अंमलदार. किमान चार जणांना प्रशिक्षण द्या. एकालाच येत असेल तर तो रजेवर गेला की यंत्रही रजेवर जातं. पहिले पंधरा दिवस समज देऊन सोडा, स्थानिक वर्तमानपत्रात कॅमेऱ्यांच्या जागा छापून आणा. लोकांना ठाऊक असलं तर ते वेग कमी करतात, आणि आपल्याला तेच हवं आहे.

तीन महिन्यांनी तो पाच रकान्यांचा कागद पुन्हा काढा. चलनांची संख्या बाजूला ठेवून त्या पट्ट्यातले अपघात मोजा. कमी झाले नसतील तर जागा, वेळ किंवा यंत्र बदला, आणि तसं समितीला सांगा.

बदलीचा आदेश आला की पुढच्या अधिकाऱ्यासाठी एकच फाइल तयार ठेवा: मान्यता प्रमाणपत्रं, पडताळणीचे शिक्के, करार, पासवर्ड बंद पाकिटात, प्रशिक्षित अंमलदारांची नावं, तीन वर्षांचा तो कागद. फाइलच्या पहिल्या पानावर प्रत्येक यंत्राच्या कॅलिब्रेशनची पुढची तारीख लाल शाईने लिहा.